रुखवताचा आकाशपाळणा

आमच्या घरी कागद चिकटवायचा असला की आधी पंखा बंद करावा लागे. नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, हे इथे उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. पण तो चालू ठेवला तर पतंगी कागदाच्या पट्ट्या खोलीभर उडत, टिकल्या पलंगाखाली जात आणि ताईने नुकतीच शिजवून आणलेली मैद्याची खळ वाटीतल्या वाटीत साय धरे. बाहेर झळा, म्हणून दारं-खिडक्याही लावलेल्या. घामाचा थेंब लाल क्रेप कागदावर पडला की तिथे लगेच गुलाबी डाग उठायचा, त्यामुळे मी आणि बाबा कपाळाला पंचे बांधून समोरासमोर बसायचो. मध्ये कात्री, गोटा, सोनेरी कागद आणि आमच्याच स्वयंपाकघरातली भांडीकुंडी. त्या उन्हाळ्याइतकी घामाघूम मी पुन्हा कधी झाले नाही, आणि तेवढी खूशही फार थोड्या वेळा झाले असेन. आता नागपूरच्या टोकाला, बेसाला मुलाच्या फ्लॅटमध्ये थंडगार खोलीत बसून माझी नात बरणीवर लेस चिकटवते आणि विचारते, आजी, तुला हे कोणी शिकवलं. तिला दर वेळी थोडं थोडं सांगत आले. आज सगळं एकदा नीट लिहून काढते.

सक्करदऱ्याच्या रस्त्याला बाबांचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानामागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. सकाळी जाग यायची ती पंपाच्या फुस्स-फुस्स आवाजाने, नाहीतर वाकडा झालेला रिम हातोडीने सरळ करण्याच्या टणत्काराने. आई मी लहान असतानाच गेली. तिचा आवाज मला आठवत नाही, तिच्या हातच्या सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीरवडीची, चव मात्र आठवते, किंवा आठवते असं मला वाटतं. तिच्यामागे घर चालवलं ते माझ्या थोरल्या बहिणीने, कमलताईने. ती दहावीत असतानाच भाकरी थापायला लागली. तिची भाकर गोल यायची नाही, पण तिच्यासारखा डाळकांदा मी अजून कुठे खाल्ला नाही. ताई शांत होती. भांडायची नाही, रडायची नाही आणि खोटं बोलायची नाही. हे तिसरं मी मुद्दाम सांगते आहे. तिला एक गोष्ट अजिबात जमायची नाही, ती म्हणजे हस्तकला. शाळेत कागदाचं फूल करायला सांगितलं की तिचं फूल फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसे. ते काम माझं. मला कागद दिसला की हात शिवशिवायचे. वहीचं कव्हर, उदबत्तीचा डबा, देवघराची महिरप, जे सापडेल त्याला मी काहीतरी चिकटवून ठेवायची.

हे माझ्यात कुठून आलं याचा विचार मी तोवर केला नव्हता. खरं तर ते रोज डोळ्यांसमोर होतं. कोणी नवी सायकल घेतली की लोक ती सजवून घ्यायला बाबांकडे आणत. बाबा क्रेप कागदाच्या पट्ट्या चाकाच्या तारांमधून अशा विणत, की चाक फिरलं की लाल-पिवळं-हिरवं चक्र दिसावं. हँडलला गोंडे, सीटखाली झालर, घंटीच्या भोवती सोनेरी फूल. बोलणं मोजकंच असलेला, काळ्या ग्रीसच्या हातांचा हा माणूस तेव्हा ओठ मुडपून असा रंगून जायचा की गिऱ्हाईक मागे उभं आहे हेही त्याला कळायचं नाही. पण ती सायकल होती, दुकानाचं काम होतं. घरात, भांड्यांना कागद लावणं हे बाबांचं काम असू शकतं, असं कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

ताईचं लग्न ठरलं. मुलगा कळमेश्वरचा, तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला होता. माणसं चांगली वाटली. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईने ताईला गाणं, भरतकाम असलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "थकत असशील ना वं, एवढं सगळं एकटी करते तर." ताईला तिथेच ती आवडून गेली असावी. पुढच्या आठवड्यात इतवारीहून आमची थोरली काकू आली. काकांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं, काकूचा हात सढळ होता, आणि आमच्या घरातलं प्रत्येक कार्य तिने अंगावर घेतलेलं असायचं. यादी करता करता ती रुखवतावर आली. रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायांनी आपल्या हाताने सजवून मांडलेल्या वस्तू, फराळ, खेळणी. लग्नात वराकडच्या सगळ्या बाया आधी तिथे जमतात आणि मुलीच्या घरचं पाणी जोखतात.

"रुखवत मी इतवारीतून तयार आणते," काकू म्हणाली. "तुमच्या घरी करणार कोण? मले वेळ नाही, तिच्या मावशा दूर. अन् खरं सांगू का भाऊजी, आई नसलेल्या पोरीच्या रुखवताकडं कोणी पाहत नाही. टेबल भरला म्हणजे झालं."

ती वाईट मनाने बोलली नव्हती. काकूला मनातलं मनात ठेवता यायचं नाही, इतकंच. ताई पाण्याचे पेले उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबा जेवत होते. त्यांनी ताटातला घास घेतला, चावला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, तयार नका आणू."

"मग काय रिकामा टेबल ठेवता?"

"पाहू," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकान बंद करून घरी आले. एका खांद्यावर सायकलचा जुना रिम, तारा आणि हब सकट. बगलेत कागदाची गुंडाळी. मी दारातच उभी होते. ते मोरीत गेले आणि त्यांनी हात धुवायला सुरुवात केली. आधी रॉकेलने, मग बेसनाने, मग लिंबाची फोड घेऊन एकेका नखाच्या कडेने. मी त्यांना इतका वेळ हात धुताना कधी पाहिलं नव्हतं. पुसून त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"पाह्य बरं मंगे. कागदाले डाग पडन का?"

मी वास घेतला. रॉकेल आणि लिंबू. बोटांच्या भेगांत काळं अजून होतं, पण ते आता कशानेही निघणारं नव्हतं. "नाही पडणार," मी म्हटलं. "बाबा, आपण करायचं रुखवत? आपणच?"

"मले फक्त चाक येते वं," ते म्हणाले. "बाकीचं तुले येते. मांड मग."

मग आम्ही घर पालथं घातलं. वापरातलं काहीही चालेल, नवं काही विकत घ्यायचं नाही, असं मीच ठरवून टाकलं, कारण विकतच्या वस्तूंनी सजवलं असतं तर ते काकूचं रुखवत झालं असतं. सूप काढलं, त्याच्या पाठीवर मोर करायचा ठरलं. रवी उलटी उभी केली तर तिचा खालचा फुलोरा थेट नऊवारीच्या घेरासारखा दिसला, म्हणून ती नवरी. लाटणं नवरा. पोळपाट म्हणजे त्यांचा पाट. खराट्याच्या काड्यांवर हिरवा कागद गुंडाळून लग्नमांडव. जुन्या छत्रीच्या काड्या बाबांनी दुकानातून आणल्या आणि मी त्यावर पतंगी कागदाची छत्री शिवली, हो, शिवलीच, कारण चिकटवली तर फाटत होती. एका दुपारी बाबांनी सायकलची घंटी आणली. कागदाचं देऊळ केलं होतं त्याच्या दारात ती टांगली, आणि देवळासमोर उभं राहून त्यांनी ती इतक्या भक्तिभावाने वाजवली, की ताई खळ ढवळता ढवळता हसायला लागली आणि खळीत गुठळ्या झाल्या. खळ शिजवणं आणि आम्हाला वेळेवर कैरीचं पन्हं देणं, हे ताईने स्वतःकडे घेतलं होतं. तिला कात्रीला हात लावायची बंदी होती.

पण बाबांचा जीव त्या रिममध्ये अडकला होता. दोन दिवस ते त्याच्याकडे नुसते पाहत बसले. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता बशी खाली ठेवून म्हणाले, "आकाशपाळणा." मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी दोन लाकडी खांबांच्या मध्ये चाकाचा आस बसवला, चाक उभं केलं आणि बोटाने ढकललं. ते किती वेळ फिरत राहिलं, आवाज न करता. "याच्या कडेले वाट्या टांगू," ते म्हणाले. "वाटीत लाडू, वाटीत करंजी, वाटीत चिरोटे. चाक फिरन, फराळ जत्रेत बसन."

मी उठून नाचले, हे मला स्पष्ट आठवतं. इतकी मोठी मुलगी, कपाळाला पंचा, हातांना खळ, आणि खोलीच्या मधोमध नाचते आहे. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. शाळेला सुट्टी होती. सकाळी उठल्याबरोबर मी आधी चाकाकडे जायची, मग तोंड धुवायला. स्टीलच्या वाट्यांना मी बाहेरून पाकळ्या लावल्या, प्रत्येक वाटी वेगळ्या फुलाची. कमळ, झेंडू, पळस. बाबांनी तारा विणल्या. मी सायकलवर पाहिलेलं तेच विणकाम, पण इथे ते रंग बदलत गेले होते, मध्यभागी गडद आणि कडेला फिकट, जणू चाकातून उजेड बाहेर पडतो आहे. मी विचारलं, हे कुठं शिकले. ते म्हणाले, "आत्ताच." मग तार ताणून पाहत, "तुह्या आईची साडी होती अशी." आणि ते पुढची पट्टी ओवायला लागले. पण त्या क्षणापासून ते चाक मला नुसतं चाक वाटेना.

पहिल्यांदा सगळ्या वाट्या टांगल्या आणि त्यात लाडू ठेवले, तेव्हा चाक एका बाजूला झुकलं आणि लाडू घरंगळत थेट मोरीपर्यंत गेले. बाबा खाली बसले, डोकं खाजवलं आणि दुकानातून छर्ऱ्यांची डबी घेऊन आले. छर्रे म्हणजे सायकलच्या हबमधल्या पोलादी गोळ्या. हलक्या वाटीच्या तळाशी कागदाच्या पाकळीत दोन छर्रे घाल, फिरवून पाहा, एक काढ, पुन्हा फिरव. मध्येच शेजारच्या बाया दार ढकलून डोकावत, काय चाललंय बाप्पा म्हणत, आणि चाक पाहून तिथेच उंबऱ्यावर बसत. शेवटी चाक समतोल झालं. बाबांनी बोट लावलं आणि ते फिरायला लागलं, सावकाश, सगळ्या वाट्या सरळ, एकही लाडू हलला नाही. ताई खळीचा चमचा हातात धरून पाहत होती. म्हणाली, "हे माझं आहे?" बाबा म्हणाले, "मग कोणाचं, माह्यं आहे का?"

लग्न आमच्याच भागातल्या शाळेच्या मैदानात होतं. मैदानात मांडव, आणि रुखवत एका वर्गात, बाकं जोडून वर पांढरी चादर अंथरून. काकू सकाळीच आली. तिने मांडणी पाहिली, चाक फिरवलं आणि सुपावरच्या मोराच्या पिसांवरून कितीदा तरी बोट फिरवलं. पण काकू ती काकू. जरा वेळाने तिने ताईला बाजूला घेतलं. मी जवळच होते. "कमल, कोणी विचारलं तर तू केलं म्हणून सांग. बापानं रुखवत केलं म्हणशील तर सासरचे जन्मभर हसतील. अन् तुह्या बापालेही बरं वाटणार नाही." ताईने मान हलवली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. काकूने तो होकार समजला आणि बाहेर जाऊन येईल त्याला सांगायला सुरुवात केली, आमच्या कमलच्या हातात कला आहे म्हणून.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि जेवणाच्या पंगती बसायच्या आधी कळमेश्वरच्या बाया रुखवत पाहायला आल्या. नवरदेवाची आत्या पुढे, भानुआत्या त्यांचं नाव. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून. त्यांच्या मागे ताईच्या सासूबाई, शांत, पदर सारखा करत. आणि मध्ये नवरी ताई, मुंडावळ्या, डोळे खाली. वर्गात एकदम गर्दी झाली. बाया मोराजवळ थांबल्या, रवीच्या नवरीला पाहून हसल्या, कोणी घंटी वाजवली. आणि मग सगळ्या चाकाजवळ आल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. कोणीतरी चाक फिरवलं. एकदम सगळ्या अगं बाई म्हणाल्या. पुन्हा फिरवलं. एका लहान मुलीने खालच्या वाटीतून लाडू उचलला, तिच्या बहिणीने त्याच्या शेजारच्या वाटीतून दुसरा, आणि पुढच्या वेळी चाक अर्ध्यावर येऊन जोरात मागे फिरलं, हिंदकळलं आणि अडून बसलं. कोणी ढकललं तरी ते परत त्याच जागी येऊन थांबे.

"बिघडलं वाटते," भानुआत्या म्हणाल्या. मग ताईकडे वळून, हौसेने, "सूनबाई, तूच केलं ना हे? मग ये, सरळ कर बरं. आम्हीही शिकून घेतो."

मी पुढे झाले तर काकूने माझं मनगट धरलं. घट्ट. ताईने चाकाकडे पाहिलं, मग भानुआत्यांकडे, मग आपल्या सासूबाईंकडे. नव्या घरातल्या बायांशी तिचं हे पहिलं बोलणं होतं.

"मले येत नाही," ती म्हणाली. "हे मी नाही केलं. माझ्या बाबांनी अन् माझ्या लहान बहिणीनं केलं. मी फक्त खळ शिजवली."

काकूची पकड सैल झाली. भानुआत्या म्हणाल्या, "बापानं? रुखवत बापानं केलं? असं काही आम्ही ऐकलं नाही वं." त्या हसल्या नाहीत, पण मागून कोणीतरी हसलं. ताईची मान खाली गेली नाही. मी माझ्या बहिणीला पुढे अनेक कठीण प्रसंगांत पाहिलं आहे, पण त्या दिवशी शालूत उभी होती तितकी उंच ती मला पुन्हा कधी दिसली नाही.

सासूबाईंनी दाराकडे पाहून कोणाला तरी सांगितलं, "त्याईले बोलवा." बाबा पंगतीत पानं मांडत होते. ते तसेच आले, डोक्याला फेटा, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या. इतक्या बाया एकदम पाहून ते दारातच थबकले आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"काहून, काही सुटलं का?" त्यांनी विचारलं, आणि खिशातून पाना काढला. मुलीच्या लग्नात, फेटा बांधून, खिशात पाना.

"अडलं आहे," सासूबाई म्हणाल्या.

बाबा चाकाजवळ गेले. मला वाटलं ते घाबरतील, पण चाक समोर आल्यावर ते दुकानात असल्यासारखे झाले. त्यांनी एकेका वाटीकडे पाहिलं, रिकाम्या दोन वाट्या हाताने हलवल्या आणि पाना परत खिशात ठेवला. "काही बिघडलं नाही," ते म्हणाले. "इकडचे लाडू पोरीईनं खाल्ले. आता समोरच्या दोन वाट्यातले कोणीतरी खाल्ले पाहिजे. मग फिरन." त्यांनी समोरच्या वाटीतला लाडू उचलला आणि दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरला. दुसरा भानुआत्यांपुढे.

भानुआत्यांनी घेतला. खरं सांगायचं तर त्यांनी तो आवडीने घेतला. पण सासूबाई हातातल्या लाडवाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या, सगळ्यांदेखत त्याचा घास घेतला. विहीणबाईने अशा ठिकाणी उभ्याने खाणं ही काही रीत नव्हती. घास संपल्यावर त्या चाकाला बोट लावून म्हणाल्या, "पाहू." चाक फिरलं. सावकाश, न हिंदकळता, सगळ्या वाट्या सरळ.

"इवाई," व्याही म्हणून बाबांना हाक मारत त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात मलेही आई नव्हती. माझ्या रुखवताच्या जागी दोन पाट ठेवले होते अन् त्याच्यावर काही नव्हतं. बाया येऊन पाहून गेल्या. कोणी काही बोललं नाही, पण पाहून गेल्या." त्यांनी पुन्हा चाकाला बोट लावलं. "माह्या बापाले सुचलं नाही हे. सुचलं असतं तर त्यानंही केलं असतं." बाबांनी फेटा सारखा केला. शेवटी म्हणाले, "मलेही नसतं सुचलं. ही पोरगी होती म्हणून." आणि त्यांनी बोट माझ्याकडे केलं. सगळा वर्ग वळून माझ्याकडे पाहायला लागला, आणि भानुआत्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ये वं इकडं. हा मोर कसा केला ते सांग आधी."

पुढे मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. पिसांना आधी घडी घालून मग कात्री लावायची, टिकली ओल्या खळीत नाही तर अर्धवट सुकल्यावर ठेवायची, हे सगळं त्या बायांना सांगत होते, आणि त्या मान डोलावत होत्या. मागे काकूचा आवाज ऐकू येत होता, दारात उभी राहून ती कोणाला तरी सांगत होती, "आमच्या भाऊजींनी केलं ना. लहानपणापासून त्यांचा हात तसाच."

संध्याकाळी वऱ्हाड निघालं. रुखवत खोक्यांत भरायचं म्हणून कोणी दोरी घेऊन आलं, तर सासूबाईंनी चाक खोक्यात घालू दिलं नाही. बसच्या पुढच्या सीटवर त्या स्वतः बसल्या आणि चाक मांडीवर आडवं धरलं, वाट्या काढून पिशवीत. ताई त्यांच्या शेजारी. ती रडत होती, तरी मध्येच वाकून चाकाची एक सुटलेली पट्टी दाबून बसवत होती. पहिल्यांदा तिला काहीतरी चिकटवता आलं, असं मनात येऊन मी रडता रडता हसले. बस हलली. बाबा तिच्या खिडकीबरोबर थोडे चालले आणि मग थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. घर फार मोठं वाटत होतं. मी स्टोव्ह पेटवून चहा केला, तो पाणचट झाला, बाबा तो तळापर्यंत प्यायले. मग त्यांनी कोपऱ्यातली गुंडाळी सोडली. सोनेरी कागद उरला होता, पळसाच्या रंगाचा क्रेप उरला होता, अर्धा गठ्ठा पतंगी कागद तसाच होता. ते त्याच्याकडे पाहत म्हणाले, "एवढं राहिलं. कायले लावू?"

मी घराकडे पाहिलं. फळीवर गंजलेले डालड्याचे डबे, तांदळाचं पत्र्याचं पिंप, आरशाची तडकलेली चौकट, चपला ठेवायची फळी. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो रुखवताच्या वेळेपेक्षाही मोठा होता, कारण आता कोणी पाहायला येणार नव्हतं. मी स्टुलावर चढून डबे खाली काढले. बाबा मोरीत जाऊन हात धुवायला लागले. दुपारपर्यंत हरभरा डाळीच्या डब्यावर पळस फुलला होता, पिंपाला सोनेरी कडा आली होती आणि बाबा आरशाच्या चौकटीवर पाकळ्या बसवत होते, ओठ मुडपून.

शेजारची बाई विरजण मागायला आली. दारात उभी राहून तिने सगळं घर न्याहाळलं आणि विचारलं, "काय गा मिस्त्री, आता कोणाचं लग्न?"

बाबांनी मान वर केली नाही. "लग्न नाही वं," ते म्हणाले. "आम्ही राहतो ना इथं."